एल्हॉर्नबाईचं देणं

ग्रूनबी,
फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार

प्रिय योर्न,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. ती आपल्या पूर्वजांविरुद्ध आहे, पण ते हजार वर्षांपूर्वीच निसटल्यामुळे तुझ्याकडे नोंदवते. ज्या लोकांनी अर्धं जग पालथं घालणारी जहाजं बांधली, त्यांना बूड असलेला एक पेला बनवायला काय धाड भरली होती? दारूचं शिंग एकदा हातात आलं की खाली ठेवता येत नाही. ठेवलं की आडवं होतं, आणि ते आडवं झालं की आपण तीन दिवस चिकट. शनिवारी आपल्या मंडळात फोल्कमारने प्रार्थनेला तोंड फोडलं तेव्हा भरलेलं शिंग माझ्या हातात होतं. नऊ विश्वं, सगळे देव, देवांचे सासरे-मेव्हणे अशी फेरी मारून तो परत जमिनीवर आला, तोवर मधाची दारू माझ्या बाहीतून कोपरापर्यंत पोचली होती. देवांना काय मिळालं ते देव जाणोत, माझ्या कोपराचा नैवेद्य मात्र यथासांग झाला. कोट धुवायला टाकला. दुकानातली बाई म्हणाली, "काय सांडलंय हे?" म्हटलं, "धर्म." तिने बाही हुंगली आणि म्हणाली, "मग निघेलच असं नाही सांगता येत."

तर हे सगळं कशासाठी चाललं होतं, तर तुझ्या आईच्या झाडासाठी. शुक्रवारी घराचा ताबा द्यायचा आहे आणि शेडजवळचं फ्लीडरचं जुनं झाड त्याआधी काढून देण्याच्या कलमावर तूच सही केली आहेस. मार्च लागला की पाखरांच्या घरट्यांपायी पार शरदापर्यंत झाडाला हात लावता येत नाही, म्हणून करवतवाला परवा गुरुवारी येतोय. हांबुर्गचं ते नवं जोडपं वाईट नाही. त्यांना गाडीवर छप्पर हवंय, एवढंच. त्या बाईने मला विचारलं, "हे झुडूप मुद्दाम लावलंय का?" मी म्हटलं, "नाही, घर मुद्दाम लावलंय. हे आधीपासून आहे." ती हसली. मी विनोद केलेला नव्हता. आता अडचण अशी की गुरुवारच्या आत त्या झाडाला कुणीतरी विचारायला हवं. न विचारता फ्लीडर तोडलेलं घर तुझ्या आईने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या माघारी पहिलं घर तिचंच निघावं हे मला बघवत नव्हतं. आणि कसं विचारायचं, हे आमच्या मंडळात कुणालाच ठरवता येईना.

तुझी आई कशी विचारायची ते तुला सांगायला नको. पण मला लिहावंसं वाटतंय, तेव्हा सहन कर. फुलं काढायची असोत, सुपासाठी काळी फळं हवी असोत, की वाटाण्याच्या वेलांना टेकू द्यायला नुसती एक फांदी, ती आधी हातातला कॉफीचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवायची. एप्रनला हात पुसायची. आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशा आवाजात फ्लीडरला त्याच्या जुन्या नावाने म्हणायची, "एल्हॉर्नबाई, तुझ्यातलं थोडं मला दे. माझं वाढेल तेव्हा त्यातलं मी तुला देईन." मग गप्प उभी. कप गार होईपर्यंत. झाडाकडून काही आलं नाही, म्हणजे हो. कधी काही आलं तर? मी एकदा विचारलं होतं. "आलं असतं तर तू आत्ता सूप पीत नसतीस," म्हणाली, आणि ती गार कॉफी एका घोटात संपवली. रविवारी हीच बाई चर्चच्या गायनात दुसऱ्या रांगेत, सगळ्यांत मोठ्या आवाजात. म्हटलं, तेल्से, पाद्रीबाबांना चालतं का हे? तर म्हणे, "ते आभाळाचं बघतात. अंगणाचं मी बघते."

मग आम्ही आलो. जुन्या देवांची माणसं! निवृत्त करअधिकारी फोल्कमार, दगडांनी आजार बरे करणारी डोर्टे, देवांपेक्षा शेकोटीसाठी येणारा तू, तुझ्यासाठी येणारी मी, आणि ज्यांना रविवारी दुसरं काही नव्हतं असे आणखी काहीजण. तिने आम्हाला मागचं अंगण दिलं आणि वर सूप दिलं, ते काळं-जांभळं, गोड, रव्याचे गोळे घातलेलं. तीन तास वोदानदेवाला आळवून झाल्यावर आमचं एकमत व्हायचं ते फक्त त्या सुपावर. तो बूटवाला आठवतो? तासलेलं डोकं, मानेवर काहीबाही गोंदलेलं. सूप पिता पिता तुझ्या आईला विचारत होता, "आजी, तुमचं रक्त मूळ कुठलं?" ती म्हणाली, "काप्पेल्नचं. आणि तिकडे जाणारी बस आत्ता येईल. वाडगा ठेव आणि पळ." आमच्या मंडळाने नंतर तीन बैठका घेऊन अशा रक्तशुद्धीवाल्या लोकांविरुद्ध ठराव केला. तिने बसचं वेळापत्रक वापरलं.

पण तिची प्रार्थना आम्हाला पुरेना. देवतेला 'बाई' म्हणून हाक मारायची? आणि झाड तरी कसलं, खतखड्ड्याशेजारी आपोआप उगवणारं, फांदी मोडली तर आत नुसतं भेंड! जुन्या कवनांत विश्वाला आधार देणारं झाड ॲश आहे, तेव्हा आधुनिक साधनेत गोंधळ नको, असं फोल्कमारचं मत पडलं. मसुदा मी केला, कारण मंडळात व्याकरण येणारी मी एकटी. 'एल्हॉर्नबाई'ची झाली 'हे विश्वधारका'. 'थोडं दे' याचं झालं 'तव कृपेचा अंश लाभो'. आणि 'माझं वाढेल तेव्हा देईन' हे वाक्य फोल्कमारने संदिग्ध वचन म्हणून कापून टाकलं. "काय वाढेल? कधी? कुठे?" असं त्याने पेन्सिल आपटत विचारलं. पावसात भिजू नये म्हणून ती प्रार्थना प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येकाला एकेक प्रत वाटली. अंगणाच्या खालच्या टोकाला ॲशचं रोप लावलं. त्याला बुरशी लागली. ती अख्ख्या खंडातल्या ॲशना लागलीच आहे, पण आमचं विश्व जरा जास्त घाईने कोसळलं. शेंड्याकडून वाळत वाळत आधार खाली आला. फोल्कमार म्हणाला, "हा संकेत आहे." तुझी आई म्हणाली, "ही बुरशी आहे," आणि त्या वाळक्या खोडावर वाटाणे चढवले. त्या वर्षी वाटाणे छान आले.

नोव्हेंबरात तिला रानातल्या दफनभूमीत ठेवलं, तेव्हाचं तुला माहीतच आहे. राख अंगणात ठेवायला कायदा परवानगी देत नाही, म्हणून मंजुरीप्राप्त बीचचं झाड, त्याच्यावर नंबराची पत्र्याची पट्टी. पाद्रीबाबांचं झाल्यावर फोल्कमार पुढे झाला, प्लास्टिकमधली प्रार्थना काढली आणि त्या बीचच्या तोंडावर खणखणीत आवाजात म्हणाला, "हे ॲशवृक्षा!" कुणी काही बोललं नाही. बीचही नाही. आणि तेव्हा तू हसलास. हातमोजा तोंडावर दाबून, खांदे हलेपर्यंत. लोकांना वाटलं हुंदका आहे, डोर्टेने तुझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. मी तुझ्या शेजारी नव्हते, बरीच लांब होते, पण हसू दाबताना तुझी डावी टाच उचलते हे या रानात मला एकटीलाच माहीत होतं. संध्याकाळच्या गाडीने तू परत पार दक्षिणेत फ्रायबुर्गला गेलास. आपण एकमेकांना काय म्हणालो? "गारठा आहे," तू. "असतोच," मी.

तर शनिवारची सभा. पहिला मुद्दा: जुनी प्रार्थना 'थोडं' मागते. सगळं कसं मागायचं? याला तुझ्या आईच्या शब्दांत सोयच नाही, कारण सगळं घ्यायची वेळ कुणावर आली नव्हती. डोर्टे म्हणाली, "थोडंच्या जागी 'सर्वस्व' घालू या." मी म्हटलं, "डोर्टे, हे लग्न नाही, झाडतोड आहे." ती रुसली. दुसरा मुद्दा फोल्कमारचा. त्याने चष्मा पुसला. "तेल्सेने त्या झाडाकडून आयुष्यभर घेतलं. दर वेळी परतफेडीचं वचन दिलं. परत दिली एक काडी नाही. झाड तोडण्याआधी हे देणं फिटायला हवं. आणि वारसाने सहा आठवड्यांत वारसा नाकारला नाही, तर देणी त्याच्या अंगावर येतात. योर्नने नाकारलेला नाही." माणूस करखात्यातून निवृत्त होतो, करखातं काही माणसातून होत नाही. मी म्हटलं, "ज्या वचनाला तू स्वतः संदिग्ध म्हणून काट मारलीस, त्याचीच वसुली?" तो म्हणाला, "ती काट आपल्या प्रार्थनेपुरती होती. तिचं वचन तिने दिलेलं आहे." बघ, हा माणूस मला आवडत नाही आणि तो बरोबर होता, यापेक्षा दमवणारं काही नसतं. "मग योर्नने करायचं काय?" मी विचारलं, "फांद्या फुटेपर्यंत अंगणात उभं राहायचं?" "काहीतरी प्रतीकात्मक," तो म्हणाला. आणि तो उपाय सुचल्याच्या आनंदात त्याने शिंग भरलं, माझ्या हातात दिलं, आणि प्रार्थना सुरू केली. बाहीचं पुढचं तुला सांगितलंच.

मला आता प्रतीकांचा थकवा आलाय, योर्न. शेकोटीला परवानगी लागते म्हणून आम्ही बॅटरीचे दिवे लावतो. गाडी चालवायची असते म्हणून अर्ध्यांच्या घोटात सफरचंदाचा रस. बोकडाच्या जागी पावाचा बोकड, त्यालाही मनुकांचे डोळे. यातलं काही वाईट नाही, देव समजूतदार असतील. पण जिथे जिथे आपल्याला खरोखर काही द्यायचं नसतं, तिथे तिथे आपण प्रतीक ठेवतो, हे इतकी वर्षं मसुदे करून माझ्या लक्षात आलंय. तुझ्या आईकडे प्रतीक नव्हतं. तिच्याकडे झाड होतं आणि त्याची उधारी होती, आणि ती उधारी फेडल्याशिवाय आपण मरणार नाही असा एक शांत विश्वास होता.

शेवटचे दोन हिवाळे तिचे हात खांद्याच्या वर जाईनात. ग्रंथालय उघडायच्या आधी मी रोज तिकडे जाऊन तिची वेणी घालायचे. पांढरी, जाड, नावेच्या दोरासारखी. या वयात एवढे केस म्हणजे नुसता उद्धटपणा आहे, असं मी तिला म्हणायचे. "ओढू नकोस गं," ती ओरडायची, "चर्चची घंटा आहे का ती?" तुझा फोन यायचा. ठेवल्यावर म्हणायची, "बरा आहे तो," आणि आरशातून माझ्याकडे बघायची. मी वेणीकडे बघायचे. आपलं दोघांचं काय बिनसलं हे तिने मला फक्त एकदा विचारलं होतं, तू गेलास त्या आठवड्यात, बटाटे सोलताना. मी पुढचा बटाटा उचलला. तिने पुन्हा विचारलं नाही. त्या घरात विचारायचं एकदाच असतं.

आज सकाळी मी एकटीच गेले. मंडळाला कळवलं नाही, नाहीतर शिंग आलं असतं. घर रिकामं आहे. स्वयंपाकघरात तिचा एकच कप उरलाय, कान तुटलेला, म्हणून कुणी नेला नसावा. थर्मासातली कॉफी त्यात ओतली आणि बाहेर जाऊन खांबावर ठेवला. एप्रन नव्हता, म्हणून दुसऱ्या कोटाला हात पुसले. प्लास्टिकमधली प्रार्थना खिशात होती, ती खिशातच राहिली. 'थोडं' म्हणवेना, कारण ते खोटं होतं. 'सगळं' म्हणवेना, कारण ते खरं होतं. शेवटी म्हटलं, "एल्हॉर्नबाई, तेल्से गेली. घर विकलंय. परवा तुला तोडायला येणार आहेत. चालेल का?" झालं. इतकी वर्षं मसुदे करणाऱ्या बाईची ही अंतिम प्रत.

मग गप्प उभी राहिले. खाडीकडून वारा येत होता, लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. झाडाकडून काही आलं नाही. कपावरची वाफ बारीक बारीक होत गेली. आणि त्या वाफेकडे बघता बघता मला दुसराच कप दिसला. याच घराच्या वरच्या मजल्यावरचा, आपल्या टेबलावरचा. तू म्हणाला होतास, "फ्रायबुर्गची शाळा बोलावतेय. जाऊ का?" आणि मग एक शब्द न बोलता बसून राहिलास. मी खिडकीबाहेर बघत होते. तुझी कॉफी गार झाली. ती तू एका घोटात संपवलीस, कप विसळून पालथा घातलास आणि माळ्यावरची बॅग काढलीस. सात वर्षं मी तुला दगड म्हणत आले, एकटी असताना मनात आणि चारचौघांत मोठ्याने, कारण चारचौघांत मला ते जास्त छान जमतं. माणसाने दुसऱ्यांदा तरी विचारावं की नाही, हा माझा मुख्य मुद्दा असायचा, आणि डोर्टे मान डोलवायची. आज त्या खांबापाशी कळलं, तू विचारून थांबला होतास. या घरात वाढलेल्या माणसाने जेवढं थांबायचं असतं तेवढा पुरता थांबला होतास. काही आलं नाही, म्हणजे हो. योर्न, मी झाड नव्हते रे. 'नको जाऊ'चा मसुदा जुळत नव्हता, एवढंच.

हे वाचून तू काही करावंस असं नाही. तुझं तिकडे बस्तान आहे आणि मला या वयात तिकडचा उन्हाळा झेपायचा नाही. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. रविवारी तुझा निरोप आला. वीजमीटर, किल्ल्या, सांडपाण्याची पावती, आणि अगदी खाली एकच ओळ: "फ्लीडरला विचारलंस का?" भौतिकशास्त्राच्या मास्तरा, याला नुसतं 'हो' कळवलं असतं तरी भागलं असतं. पण मी उत्तराला उशीर केला तर तुझी कॉफी गार होणार आणि तू काय समजशील याचा मला आता भरवसा नाही. म्हणून लेखी देते. विचारलं. आणि आईचं देणं तुझ्या अंगावर नाही, फोल्कमारला काय म्हणायचं ते म्हणू दे. ऑक्टोबरात तिने मला वेणी कापायला लावली, उशीवर रुतते म्हणून. कापून तिच्या हातात दिली, तर तिने वजन केल्यासारखी ती वरखाली केली आणि मला परत दिली. "ठेव. एल्हॉर्नबाईची आहे. माझं आयुष्यात एवढंच काय ते धड वाढलं." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतेय. तेव्हापासून ती माझ्या कपाटात होती. आज कप गार झाल्यावर पिशवीतून काढली. शेडमध्ये तिचं खुरपं होतं, मुळाशी माती ओली होती. हातभर खणलं, वेणी गुंडाळली नाही, मुळं जातात तशी लांब सोडली, माती लोटली आणि पायाने दाबली. मग ती गार कॉफी एका घोटात प्यायले. भयंकर लागते, तुम्ही दोघं कशी पीत होतात कोण जाणे. करवतवाल्याला गुरुवारी येऊ दे. इकडची बाकी काही नाही.

अजून गावातच असलेली,
तुझीच,
वीबके